आडवी बाटली आणि भोक पाडलेला हंडा

मी, भागुबाई बिरू देवकते, वय ६३, धंदा मेंढपाळ, राहणार बोरी शिवार, ता. जिंतूर, जि. परभणी. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, काळीज मात्र नाही. कोणी सांगितले म्हणून हे मृत्युपत्र मी करत नाही. भीती वाटते म्हणून करते. डोळे तपासायला जाते असे घरी सांगून मानवतला आले आहे. मी सांगते तसे किशनराव गुरुजी लिहीत आहेत.

१. गावठाणातील दोन खोल्या व मागचा मेंढवाडा माझ्या नावावर आहे. ते सर्व सून दीपिका हिला. मुलगा बबलू याचा त्यावर हक्क नाही. मेंढवाड्यात तो हातभट्टी लावतो. लेंड्यांच्या वासात सडक्या गुळाचा वास लपतो, हे त्याने बरोबर हेरले.

२. मेंढरे बबलूला. आजारी कोकरू तो मांडीवर घेऊन बसतो, खोटे कशाला बोलू.

३. माहेरचा तांब्याचा हंडा. भट्टीची नळी बसवायला बबलूने त्याला भोक पाडले. दीपिकाने तो मोडीत घालू नये, माती भरून अळू लावावा.

४. माझी चूक, असलीच तर, तीही इथे लिहावी. सासरे सांगायचे, निजामाच्या काळी शिंदीच्या झाडांना सरकारी नंबर असत, रस काढायला चोरून लावलेली मडकी मक्तेदाराची माणसे फोडत. पुढे देशीचे सरकारमान्य दुकान आले. २०१७ साली ते बंद व्हावे म्हणून आम्ही बायांनी मतदान मागितले. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. मी घरोघर फिरले. आडवी निवडून आली, दुकानाला टाळे लागले, आम्ही गुलाल उधळला. पिणारे होते तेवढेच राहिले. आठ महिन्यांनी माझा नवरा बिरू कुणाच्या तरी कॅनमधली हातभट्टीची प्याला. "भागू, अंधार का पडायलाय गं?" म्हणाला. भर दुपार होती. तिसऱ्या दिवशी गेला.

तसलाच माल आता माझा पोरगा काढतो. पोलिसात जाईन म्हणाले, तर ओरडलासुद्धा नाही. "आय, दुकान तूच बंद केलंस की. लोकांनी जावं कुठं?" एवढेच बोलला. तेव्हापासून माझा चहा तो स्वतः करतो. जन्मात कधी केला नव्हता. त्याची पाठ वळली की मी तो चुलीच्या राखेत ओतते. पोटच्या पोराबद्दल असे मनात येते याची मला लाज वाटते, आणि भीती त्याहून जास्त वाटते.

५. मी गेल्यावर, बबलू कितीही नको म्हणाला तरी, माझे शवविच्छेदन करावे. काही निघाले नाही, तर हे कलम त्याला कधीही वाचून दाखवू नये.

हा कागद गुरुजींकडे राहील. चारच्या गाडीने मी परत जाणार. बबलू स्टँडवर घ्यायला येतो आहे.

साक्षीदार : १. किशनराव, निवृत्त शिक्षक २. निकिता, आरोग्यसेविका
स्थळ : मानवत. दि. ११ नोव्हेंबर २०२५

सही वाकडी आली आहे. बबलूने विचारले तर दाखवता यावे म्हणून डोळ्यांत खरोखरच औषध घालून घेतले. समोर सगळे धुरकट आहे. बिरूला शेवटी असेच दिसले असेल. मी शुद्धीवर आहे.

भागुबाई बिरू देवकते