क्रुसावरची मोकळी जागा

लिंकनशर, इंग्लंड, २३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय सावेताताई,

तू बरी असशील आणि बाबांचा खोकला कमी असेल असं धरून चालतो. मी ठीक. फ्लॉवर संपला, आता कोबी. चिखल तोच.

पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. फोनवर बाबा शेजारी बसून ऐकतात आणि तू नुसती 'हो, हो' करतेस.

बारावीच्या पोरांसाठी तू रेकॉर्ड करून ठेवलेली इंग्रजी विशेषणं मी शेतावर जाताना गाडीत ऐकतो. मी आठवीतून पळालेला, पण तुझं समजतं, कारण तू त्यात गावातली माणसं घालतेस. स्टोइक म्हणजे नवऱ्याला पुरून आल्यावर तशीच दूध काढायला बसलेली आगाफिया मावशी. स्केप्टिकल म्हणजे पाद्रीबाबांनी गाईवर पवित्र पाणी शिंपडलं तरी वासरू दिसेपर्यंत न मानणारा गाव्रिल. फेटलिस्टिक म्हणजे आपले बाबा, लिहिलंय ते होणार. हे त्यांच्यासमोरच बोललीस ना? मागे खोकला ऐकू येतो.

माझ्या खोलीतला फानिका, आपल्याच रोमानियातला, वास्लुईकडचा, पन्नाशीचा, ऐकून ऐकून वैतागलाय. ''तत्त्वज्ञ, कोबीला विशेषण लागत नाही, सुरी लागते,'' म्हणतो. मी म्हटलं, ''काका, तुम्ही प्रॅग्मॅटिक आहात.'' ''तुझा बाप असेल,'' म्हणाला. संध्याकाळी हळूच विचारलं, शिवी होती का रे.

आईच्या थडग्यावरच्या क्रुसाचा फोटो पोचला. दगड चांगला आहे. आईचं नाव नीट आलंय. त्याखाली बाबांचं: जन्मसाल, आडवी रेघ, पुढे मोकळं, आपल्याकडे सगळ्यांचं असतं तसं. जेवणाच्या सुट्टीत मुकादम डेव्हनं विचारलं, घरी काय म्हणतायत. मी फोटो काढून बोट ठेवलं, हे माझे वडील. त्यानं टोपी काढली. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, उद्या येऊ नकोस, पगार कापणार नाही. मला समजावता येईना. जिवंत माणसाचं नाव आम्ही आधीच कोरून ठेवतो, हे सांगायला तुझ्या विशेषणांत काहीच नाही. फानिका हसता हसता खोक्यावर बसला. ''अरे गाढवा, इथे मेल्यावर कोरतात.''

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सह्यांचं सांत्वनाचं कार्ड आलं. बाबांना सांगू नकोस. किंवा सांग, हसतील.

त्या सुट्टीच्या दिवशी मी समुद्राच्या बांधावर नुसता चालत होतो. थकलोय ताई, आणि कामानं नाही. पाथरवट थंडी पडायच्या आत परत येणार, क्रुसावर माझंही नाव घालायचं का, असं तू विचारतेयस आणि मी दर वेळी हवामानावर जातो. बाबांचं म्हणणं, पोराची जागा ठरली की पोर परत येतं.

मला परत यायचंय का, माहीत नाही. इथंही राहवत नाही. फानिका म्हणतो स्कॉटलंडला मासळीचं काम आहे, स्पेनला संत्री. कुठंही जाईन. पण माझं नाव तिथं कोरलं तर जिथं जाईन तिथं ती रेघ मागे लांबत येईल. बाबा म्हणतात लिहिलंय ते होणार. मग माझं लिहू नका.

आणि तुझं. बाबांच्या खाली तुझं नाव कोरून झालं, हे तू शेवटच्या ओळीत पावसाच्या बातमीसारखं टाकलंस. चौतीस वर्षांची आहेस. बाबांनी विचारलं होतं तुला? की पाथरवटाला साल तूच सांगितलंस? मी रागावलो नाही. बाबांचं जेवणखाण तू बघतेस, मला बोलायला तोंड नाही. पण तो फोटो मी आता उघडत नाही, आणि ते आईच्या नावामुळे नाही.

नाताळच्या सुट्टीत बाबांना आत्याकडे सोड आणि इकडे ये. खोली लहान आहे, फानिका घोरतो. तरी ये.

बाबांना आधी माझा नमस्कार सांग. नकार जेवण झाल्यावर.

तुझा,
कोस्मिन