कपाळावरची जागा

आई, तुझा फोटो चर्चच्या भिंतीवर लावायचा म्हणतात. इतक्या वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आज बसले तर ही असली बातमी सांगायला. परतवाड्याला मंडळीचं नवं सभागृह झालंय. त्यात सुरुवातीच्या विश्वासणाऱ्यांचे फोटो ओळीनं लावणार आहेत. सेक्रेटरींचा मला अकोल्याला फोन आला. "तुमच्या आईचा विश्वास म्हणजे काय सांगू बाई, तसं माणूस आता होणे नाही," म्हणाले. मी ऐकून घेतलं. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट तुझ्या नाकासमोरून पुढे नेणारे हेच गृहस्थ, तेव्हा तरणे होते. मग हळूच म्हणाले, "फक्त कपाळावरचं तेवढं काढून घ्या. स्टुडिओवाले काढून देतात आजकाल." मेल्यावरही तुझ्या कपाळाचा पिच्छा सोडत नाहीत, आई.

तू भातकुलीच्या शेतकरी घरातली सून. बाबा परतवाडा ते सेमाडोह जीप चालवायचे आणि तू मिशनच्या दवाखान्यात आया होतीस. माझा धाकटा भाऊ त्याच दवाखान्यात तापानं गेला. त्या खाटेपाशी बसून तू येशूला हाक मारायला शिकलीस. पोरगं वाचलं म्हणून लोक देव धरतात, तू ते गेल्यावर धरलास. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "लेकरू गेलं, पण मी त्या खाटेपाशी एकटी नोती." बाबांनी अडवलं नाही, सोबतही आले नाहीत. तुझा बाप्तिस्मा झाला, डोक्यावरच्या पाण्यानं कुंकू ओघळून गेलं, सगळ्यांना वाटलं झालं एकदाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या फुटक्या आरशासमोर तू बोट डबीत बुडवलंस आणि पुन्हा लावलंस.

चर्चचे पाळकसाहेब घरी आले तो दिवस मला अजून दिसतो. तू चुलीपाशी बसलेली आहेस, हाताला ज्वारीचं पीठ आहे, ते दारातल्या खुर्चीवर आहेत. ते म्हणतात, जुनी खूण पुसल्याशिवाय नवं जीवन कसं येणार बाई? तू भाकर थापता थापताच बोलतेस. "साहेब, त्यानं मले हाक मारली तवा हे कपाळावर होतंच. त्याले दिसलं नसन का? आता पुसलं अन् त्यानंच ओळखलं नाई त?" साहेब चहा न घेता उठले. तुझं प्रभुभोजन बंद झालं. मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागशील त्या दिवशी सुरू करू, असा निरोप आला. तू कधी उभी राहिली नाहीस. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचीस, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायचीस आणि ताट पुढे गेलं की हात मांडीवर ठेवायचीस. मी वैतागून म्हणायची, काहून येतो आपण इथं? तू म्हणायचीस, "त्याईच्या घरी नाई येत आपण. त्याच्या घरी येतो." घरी आलं की तू भाकरीचा एक तुकडा मोडून डोळे मिटून खायचीस. तेवढा वेळ मी बोललेलं तुला चालायचं नाही. ते काय होतं हे मी विचारलं नाही, मला कळत होतं.

मी दहावीत असताना घाटात बाबांची जीप उलटली. भातकुलीहून आत्या आल्या आणि बाबांना उचलायच्या आधीच तुझ्याभोवती बसल्या. तू बांगड्यांचे हात पुढे केलेस. कपाळाकडे हात आला तेव्हा मात्र मोठ्या आत्याचं मनगट धरलंस. "बांगड्या घ्या. इथं हात लावू नका." आत्या म्हणाली, "नवरा गेला, आता कोणाच्या नावाचं लावतं वो?" तू म्हणालीस, "ज्यानं अशीच बोलावली त्याच्या." भातकुलीचं दार त्या दिवसापासून आपल्याला बंद झालं. इकडे मंडळीला वाटत होतं, देवानंच प्रश्न सोडवला, आता विधवा झाली म्हणजे कपाळ आपोआप मोकळं होईल. पुढच्या रविवारी तू कुंकू लावून हजर. त्यानंतर आपल्या बाकावर तिसरं कोणी बसलं नाही. मला तुझा राग यायचा, आई. फार यायचा. एवढ्याशा टिकल्यासाठी दोन्ही घरं घालवलीस, असं मी मनात रोज म्हणायची.

डी.एड.ला अकोल्याला निघाले तेव्हा एसटी स्टँडवर तू माझ्या हातात एक लहानशी पितळी डबी ठेवलीस. मी तोंड वाकडं केलं असणार, कारण तू लगेच म्हणालीस, "लावाचं नसन त नको लावू. देवानं दोघी सारख्या घडवल्या नाईत. पण कोणाच्या भेवानं नको सोडू." गाडी सुटली. मी डबी बॅगेच्या तळाशी टाकली. अकोल्यात शिकले, तिथल्याच शाळेत लागले, तिथल्या मंडळीत माझं चांगलं नाव आहे. रविवारची शाळा मी घेते. प्रभुभोजन मला कधी कोणी नाकारलेलं नाही.

तू गेलीस तेव्हा मी पोचेपर्यंत त्यांनी तुला अंघोळ घालून पेटीत ठेवलं होतं. पांढरी साडी, छातीवर क्रूस, आणि कपाळ स्वच्छ. मी विचारलं, कोणी पुसलं? पाळकांच्या पत्नी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "प्रभूसमोर स्वच्छ जाऊ दे ग तिला." जिवंतपणी जे जमलं नाही ते तुझे हात थंड पडल्यावर केलं. पण इतक्या वर्षांच्या कुंकवानं तिथली कातडी पांढुरकी झाली होती. तो गोल डाग त्यांना पुसता आला नव्हता. पेटीचं झाकण पडेपर्यंत मी तेवढाच बघत होते.

परवा फोटो घेऊन स्टुडिओत गेले. कशाला गेले विचारू नकोस. भिंतीवर तू असावीस असं मला वाटत होतं, एवढं खरं. स्टुडिओवाल्यानं कुंकू काढलं, त्याच्या कडेनं दिसणारा पांढुरका डागही काढला, आणि पडदा माझ्याकडे वळवून म्हणाला, "आता पाहा मॅडम, एकदम क्लीन." मी दोन्ही फोटो मोबाइलवर घेतले आणि सेक्रेटरींना कुंकवाचा पाठवला. खाली लिहिलं, लावायचा तर हा लावा, नाहीतर जागा रिकामी ठेवा. कमिटीत बोलून कळवतो, असं उत्तर आलं. काल उद्घाटन झालं. एका बाईनं भिंतीचा फोटो पाठवला. त्यात एका खिळ्यावर काहीच नाही. तुला शेवटचा बाक होता, आता खिळा आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्या डबीखाली ठेवीन. डबी मी अजून उघडलेली नाही. कोणी विचारलं की सांगत आले, मला आवडत नाही म्हणून लावत नाही. तो पुसलेला फोटोही मोबाइलमध्ये तसाच आहे, मला काढून टाकता येत नाही. त्यात तू हुबेहूब माझ्यासारखी दिसतेस, आई. आवडीचा प्रश्न कधीच नव्हता. मला भेव वाटत होतं, अजूनही वाटतं.