लाहूच्या नावचं बनियन

१ डिसेंबर, सोमवार

पोचले बाई एकदाची घोलवडला! कराडहून निघताना आईने असा चेहरा केला होता, जणू मी सीमेवर लढायला चालले आहे. आत्ता तिला फोन करून सांगितलं, अगं, खोलीच्या मागच्या दारातून चिकूची वाडी दिसते, थोडं चाललं की समुद्र, आणि भाडं मालकाच्या खिशातून. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. लगेच विचारलं, मासे खायला लागलीस का? खाणार तर! वरोरची कोळीण दारावर येते म्हणे, मग कशाला सोडू?

मालकांचं नाव मनिषशेठ. घरात गुजराती, आमच्याशी मराठी, आणि दोन्हीकडे वाक्याच्या शेवटी 'ने'. मी निलमची निलमबेन झाले. निलमबेन, तुम्ही नर्सिंग केलंय ने, मग काम सोपं आहे ने. आहे खरंच सोपं. चिकू तोडणाऱ्या टोळीला एका कंपनीने चाचणीसाठी खास बनियनं दिली आहेत. राखाडी रंगाची, अंगाला घट्ट, आणि कापडातच सेन्सर आणि बारीक तारा विणलेल्या. नाडी, ताप, श्वास, सगळं माझ्या टॅबवर दिसतं. कुणाला उन्हाने भोवळ येणार असेल तर त्याच्याआधी मला कळतं. छातीवरच्या पट्ट्या लागेल तशा हलकेच आवळतात, म्हणजे श्वास नीट चालतो. बाजूच्या चेनला कुलूप असतं. संध्याकाळी मी सुट्टीचं बटण दाबलं की सगळ्यांची बनियनं एकदम उघडतात. मला तर भारीच वाटलं.

३ डिसेंबर, बुधवार

टोळी तलासरीकडून, वेवजीच्या पाड्यावरून जीपने येते. मुकादम चिमण. त्याला बनियन नाही, कारण तो झाडावर चढत नाही आणि तसंही काही करत नाही. त्याची बायको चिमी मात्र बनियन घालून दिवसभर झाडाखाली फळं झेलते. सगळ्यात चपळ लाहू. जाळी लावलेला लांब बांबू घेऊन शेंड्यापर्यंत जातो आणि वरून खालच्यांची टिंगल करतो.

त्याची बायको काळी शेडमध्ये माझ्याशेजारी बसून चिकू निवडते. जिभेला हाड नाही बाईच्या! पहिल्याच दिवशी विचारलं, बाय, तुझ्या टॅबात लाहूचं काळीज दिसतं, तर ते कुणाला बघून उडतं तेपण दिसतं का? म्हटलं, दिसतं, तू डबा उघडलास की. अशी हसली की हातातला चिकू खाली पडला. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. अर्धी मला दिली, नको म्हणायची सोय नव्हती. आवडली मला ही. इथे मन रमणार.

८ डिसेंबर, सोमवार

लाहू गेला.

चहाच्या सुट्टीच्या जरा आधी टॅब किंचाळला. मी धावले. फांदी मोडून तो पाण्याच्या सिमेंटच्या कुंडीच्या काठावर डाव्या कुशीवर पडला होता. बरगड्या आत गेल्या होत्या. हात लावला तर छाती कच्च्या भाकरीसारखी दबली. तोंडातून रक्त, नाकातून रक्त. मी जे शिकले ते सगळं केलं आणि त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. काळी आली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला शिव्या देत राहिली, ऊठ, नाटकं करू नको, ऊठ.

बनियन मीच काढलं. धुतलं. पाणी किती वेळ लाल येत होतं.

१० डिसेंबर, बुधवार

काळी आणि लाहूचा धाकटा भाऊ सुनिल आज दुपारी आले. या टोळीत एक रीत आहे. टोळीतला माणूस मेला तर त्याचे दिवस होईपर्यंत त्याचं नाव कापायचं नाही. घरातलं कुणीतरी त्याच्या नावावर काम करतं. लगेच नाव कापलं तर मेलेल्याला हाकलल्यासारखं होतं, असं काळी म्हणाली. हसणारी बाई ती, तिचा आवाज ऐकवत नव्हता. शेठ म्हणाले, चालेल ने. मीही हो म्हटलं. सुनिल लाहूच्या नावचं बनियन घालेल, टॅबवर लाहू हजर दिसेल. कुणाचं काय बिघडतं?

१२ डिसेंबर, शुक्रवार

सुनिल अंगाने लाहूच्या निम्मा, पण बनियन त्याला बरोब्बर बसलंय. सकाळी घालताना पट्ट्या आवळल्याचा आवाज मला शेडमध्ये ऐकू आला. त्याला म्हटलं, घट्ट होतंय का? म्हणाला, पहिल्यांदा लागलं, आता बरं वाटतं. झाडावर जायला घाबरणारा हा पोरगा शेंड्यापर्यंत चढला आणि वरून चिमीची टिंगल करायला लागला. सगळे हसले. काळी हसली नाही. ती उठून शेडच्या मागे गेली.

१५ डिसेंबर, सोमवार

काहीतरी चुकतंय.

सुनिलची नाडी लाहूसारखी चालते. सारखी म्हणजे तीच. लाहूच्या शेवटच्या दिवसांच्या रेघा काढून आजच्या रेघांवर ठेवल्या. कुठे ठसका लागला, कुठे दम लागला, कुठे खाली उतरून पाणी प्यायला, सगळं तंतोतंत. सुनिल तेव्हा पाणी पीत नव्हता. माझ्यासमोर नुसता उभा होता, आणि त्याचा घसा गटगट हलत होता.

बनियन त्याला मोजत नाही. त्याला लाहू करतंय.

संध्याकाळी त्याची डावी कूस पाहिली. हाताएवढी काळीनिळी पडलेली. कुठे आपटलास? कुठेच नाही म्हणाला. कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, तक्रार नोंदवली आहे मॅडम. चिमणला म्हटलं उद्यापासून याला बनियन देऊ नकोस. तो म्हणाला, दिवस होऊ देत, मग बघू. रेघा आणखी दोन दिवस चालतील. मग लाहू पडेल.

१६ डिसेंबर, मंगळवार

काल रात्री बनियन लपवलं. माझ्या पेटीत, साड्यांखाली. सकाळी उठले तर सुनिलच्या अंगात. त्यानेच येऊन काढून नेलं होतं, मी झोपेत असताना मागच्या दाराची कडी उचकटून. का रे बाबा, विचारलं तर रडायला लागला. म्हणाला, काढलं की श्वास येत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

सुनिलने बनियन काढू दिलं नाही, पण मी त्याला झाडावर चढू दिलं नाही. निदान एवढं तरी केलं. शेडच्या फरशीवर, सपाट जमिनीवर बसवला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काळी. हातात चहाचा कप दिला. पडेलच कुठून, असं मी काळीला म्हणाले. देवा, मीच म्हणाले.

त्याने एकदम वर बघितलं. दोन्ही हात पसरले, काहीतरी धरायला. मग बरगड्या मोडल्या. एकेक करून, आमच्या डोळ्यांदेखत, वाळकी काटकी मोडावी तशा. डावी कूस आत गेली. रक्त काळीच्या तोंडावर उडालं. टोळीतला अमृत कोयता घेऊन धावला आणि बनियन कापायला लागला, तर तारा तुटेनात, कोयता घसरून सुनिलच्याच पोटात गेला. अमृत ओरडत सुटला. सुनिल तेव्हा मेलेलाच होता, असं मी अमृतला सांगितलं. मला माहीत नाही.

मग कुलूप आपोआप उघडलं. क्लिक. बनियन फरशीवर गळून पडलं.

पोलीस आले, प्रेत गेलं, काळीही त्याच्यासोबत पाड्यावर गेली. शेठने सांगितलं घसरून पडला ने. माझं कुणी ऐकून घेतलं नाही.

संध्याकाळी सुट्टीचं बटण दाबलं. एकही बनियन उघडलं नाही.

टॅबवर लिहून आलंय, टोळी अपूर्ण. लाहू गैरहजर.

१८ डिसेंबर, सकाळ

सगळी टोळी शेडमध्येच आहे. रात्रभर कुणी घरी गेलं नाही. बनियनं हळूहळू आवळतायत. नाव काढायचा प्रयत्न केला. 'मयत' निवडलं की टॅब नाही म्हणतो. मेल्यावरही त्याची नाडी इतके दिवस चालली, मग मेला कसा? आम्हीच चालवली ती. रीत म्हणून. आता नाव काढायचं असेल तर लाहूने बनियन घालून स्वतः हो म्हणायचं. लाहूने.

अमृतच्या बनियनची एक तार कातरीने तोडली. बाकीच्या मांसात घुसल्या. पुन्हा तोडायची हिंमत नाही. तो आता ओरडतही नाही, नुसता कण्हतो.

शेठ मदत आणतो ने म्हणून गाडी घेऊन गेले. अजून आले नाहीत. अँब्युलन्ससाठी डहाणूला फोन केलाय, गाडी निघालीय म्हणे.

चिमीच्या ओठांवर रक्ताचा फेस. चिमण तिच्या पाठीवर हात फिरवतोय आणि माझ्या टॅबकडे बघतोय. त्याला वाचता येतं.

१८, दुपार

लाहूचं बनियन चिमणने आधी स्वतः घालून पाहिलं. खरंच पाहिलं, मान्य करते. पोटामुळे चेन लागेना. ओढून ओढून बोटं सोलली. मग जीप घेऊन गेला आणि काळीला घेऊन आला. केसांना धरून. नवरा तुझा, नाव त्याचं, घाल तू — असं ओरडत होता आणि ओरडता ओरडता रडत होता. चिमीचा श्वास शिट्टीसारखा वाजतोय.

काळीने त्याच्या हाताला चावा घेतला. त्याने तिला भिंतीवर आपटलं. टोळीतल्या दोघांनी तिचे पाय धरले. बनियन डोक्यातून घालत होते, तिचं तोंड त्यात झाकलं होतं, आतून मला हाका मारत होती. बाय, बाय —

मी काट्यावरचं लोखंडी वजन उचललं. चिमणच्या तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. दात फरशीवर पडले. पाय धरणारे पळाले. मी आणखी एकदा मारलं. गरज नव्हती.

तेवढ्यात अमृतच्या छातीतून आवाज आला. तोच, काटकी मोडल्याचा. मग गप्प.

चिमी राहिलीय. बाकीचे राहिलेत. गाडीचा पत्ता नाही. काळी उठून स्वतःच बनियनकडे सरकायला लागली — म्हणे चिमी मरेल, दे मला —

नाही. हिला नाही. हो मी म्हटलं होतं.

घातलं.

१८

उघडली सगळी. क्लिक क्लिक क्लिक, सगळ्या शेडभर. चिमी श्वास घेतेय. रडतायत सगळे. टॅबवर लाहू हजर. मी लाहूच्या नावाने हो दाबलं, नाव गेलं. गेलं! आता हे कुणाला बोलावणार नाही.

माझं मात्र उघडत नाही. लिहिलंय, आजचं काम पूर्ण झाल्यावर.

काळी माझ्याजवळ बसलीय. जा म्हटलं तर शिव्या देते. कातरी हातात घेऊन तारा शोधतेय.

बांबूचं वजन लागतंय खांद्याला. बांबू नाहीय.

डावी कूस —

आईला सांगा मी —

जमिनीवर आडवी पडून लिहितेय. पाठ फरशीला टेकलीय. पडायला जागाच नाही, काळीला म्हटलं, बघ, पडायला कुठे जागा आहे. ती हात घट्ट धरून बसलीय. तरी पायाखालची फांदी कर