कणकेच्या यंत्राची भाषा

१२ मे, सोमवार

भाषेवरून भांडण! तेही यंत्राच्या. मी संस्कृतातला, भाषेवरून जन्मभर एकमेकांचं तोंड न पाहिलेले शास्त्री मला ठाऊक आहेत. पण एकमेकांचा कॉफीचा कप लपवणारे आज जर्मनीतल्या या लेमगो गावातच पाहिले.

मासिकाला लेख हवा म्हणून क्वास्टबाईंच्या कारखान्यात ठाण मांडलंय. इथे बेकऱ्यांसाठी कणीक मळणारी यंत्रं बनतात. यंत्राने केव्हा फिरायचं, झाकण उघडलं की कसं थांबायचं, हे सांगणारा प्रोग्रॅम ऑर्टविन नीडरमोलरचा. तरुणपणी लिहिला, सी भाषेत. आता ऑर्टविनची साठी उलटली, प्रोग्रॅम देशभर मळतोच आहे. फ्राउके टेलकांप त्याच्याहून निम्म्या वयाची. ती म्हणते, सगळं रस्ट नावाच्या नव्या भाषेत पुन्हा लिहा. नाहीतर नेटवरून कुणी घुसेल, झाकण उघडं असताना यंत्र फिरवेल — आणि आत बेकरीवाल्याचा हात!

"बाईसाहेब, माझ्या यंत्राने आजवर कणकेशिवाय काही मळलं नाही."

"आजवर, ऑर्टविनराव. आजवर!"

१३ मे

फ्राउकेने समजावलं. सी भाषेत येणाऱ्या निरोपासाठी डबा ठेवायचा. निरोप डब्याहून मोठा आला तर शेजारच्या डब्यात सांडतो; आणि पाठवणारा बेरकी असला तर तिथे आपला हुकूम ठेवून जातो. सी म्हणते, तुझं तू बघ. रस्ट सांडूच देत नाही. आमच्या पाठशाळेतल्या गुरुजींसारखी — एक मात्रा चुकली की पुन्हा पहिल्यापासून! दुपारभर या भाषेने फ्राउकेचं लिहिलेलं परत परत पाठवलं. ऑर्टविन शेजारी बसून शीळ घालत होता.

मला म्हणाला, "पंडित, तुझं संस्कृत बरं. मेलेल्या भाषेत कुणी घुसत नाही."

म्हटलं, "घुसतात रे. बाहेर पडता येत नाही, एवढंच."

१५ मे

क्वास्टबाईंनी तोडगा काढला. दोन यंत्रं: एकात जुना प्रोग्रॅम, दुसऱ्यात फ्राउकेने नमुन्यापुरता लिहिलेला नवा. पुढच्या आठवड्यात ब्रेमेनहून भाडोत्री चोर येणार. म्हणजे पैसे घेऊन घरफोडी करून दाखवणारा तपासनीस. केव्हा, कुठून, ते सांगणार नाही. नवा पडला तर फ्राउकेची योजना बासनात. जुना पडला तर — ऑर्टविन सगळ्यांदेखत उभा राहिला — "तर माझं टेबल रिकामं समजा!"

"असं कुणी मागितलं नव्हतं हो," फ्राउके पुटपुटली.

बायको गेल्यापासून हा माणूस शनिवारीही इथेच असतो. टेबल रिकामं करून जाणार कुठे?

१९ मे, सोमवार

युद्धाची तयारी. पासवर्ड बदलले, केबलच्या खोलीला कुलूप. फ्राउकेने पोस्टमनकडे ओळखपत्र मागितलं! तो म्हणाला, "अगं, तुझं दहावीचं सर्टिफिकेट मीच आणून दिलं होतं."

"तरीही दाखवा."

दाखवलं बिचाऱ्याने.

२० मे

काही नाही. चोर आळशी दिसतो.

२१ मे

कॉफीच्या वेळेला केक! ऱ्हुबार्ब नावाच्या आंबट देठांचा, वर लोणी-साखरेचा चुरा, ताटभर. आणणारा गोल चष्म्याचा, हसरा. "आज माझा वाढदिवस," म्हणाला. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा, हा इथला दंडक. आणि ज्याचा केक खायचा त्याचं नाव विचारणं म्हणजे महापातक. फ्राउकेने त्याच्यासाठी दार पायाने धरून ठेवलं — त्याचे दोन्ही हात ताटात गुंतलेले ना! सगळ्यांनी अभिनंदन केलं. नाव कुणीच घेतलं नाही. जो तो दुसरा कुणी घेईल म्हणून थांबला.

पाहुण्याने यंत्रांचं फार कौतुक केलं. ऑर्टविन दुसरा तुकडा बशीत घेऊन त्याला आपलं यंत्र दाखवायला गेला, बराच वेळ बोलत होता. मग फ्राउके कशी मागे राहील? तिनेही पासवर्ड टाकून आपलं दाखवलं.

"कोण रे हा?" मी नंतर विचारलं.

"मागच्या इमारतीतला असेल," ऑर्टविन भरल्या तोंडाने. "केक मात्र उत्तम."

२३ मे, शुक्रवार

अहवाल आला. पहिल्या पानावर केकचा फोटो!

खाली एकच वाक्य: "दोन्ही यंत्रं माझ्या ताब्यात आली, भाषा कोणतीही असो, दार तुम्हीच धरलंत." फ्राउके कानापर्यंत लाल. क्वास्टबाईंनी तर तीन तुकडे खाल्ले होते.

हसता हसता दुसरं पान उलटलं. बाहेरून, नेटवरून केलेले हल्ले. रस्टवर दिवस दिवस डोकं आपटलं, दाद नाही. सीला एक लांबलचक निरोप, पहिल्याच फटक्यात सांडला. झाकण उघडं, यंत्र चालू.

क्वास्टबाईंनी तिथेच सांगितलं: सगळ्या बेकऱ्यांतला प्रोग्रॅम बदलायचा. ऑर्टविन उठला. कप विसळला, पुसला.

"ठरलं होतं," म्हणाला.

"बसा हो," फ्राउके म्हणाली. "ते यंत्र कधी रुसतं, कधी अडतं, हे तुमच्याशिवाय कुणाला कळतं? लिहू कशाच्या जोरावर?"

"तुमची ती कडक गुरुजी-भाषा मला या वयात जमायची नाही."

"मला तरी कुठे जमते?"

सोमवारी सांगतो म्हणाला. कप मात्र खिशात घालून घेऊन गेला.

२६ मे, सोमवार

आला! कप टेबलावर, रस्टचं पुस्तक उघडं. दुपारपर्यंत भाषेने त्याला इतक्या वेळा परत पाठवलं की शेवटी त्याने यंत्रालाच शिवी दिली.

"सौम्य बोला, ऑर्टविनराव. लागतं तिला."

२८ मे

लेखासाठी ब्रेमेनला फोन केला. पहिलाच निरोप इतका नेमका कसा बसला? चोर म्हणाला, "छापू नका. केक खाताना त्या म्हाताऱ्यानेच सांगितलं. ओळखलं होतं मला. डबा कुठला, किती अक्षरांनंतर सांडतो, सगळं. म्हणाला, 'त्या पोरीसमोर तोंडाने कबूल करवत नाही, तुम्हीच पाडा. मी गेल्यावर कुणाचा हात जाण्यापेक्षा, मी असताना हा प्रोग्रॅम गेलेला बरा.'"