आत्याच्या पिशव्यांचा कोड

आत्या,

तुला नमस्कार. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

गेल्या महिन्यात विमा ऑफिसात माझ्या टेबलावर तुझा अर्ज आला. आतड्याच्या ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर लावायच्या पिशव्या. महिन्याला मागितल्या साठ, मंजूर वीस, शेरा ‘वापर जास्त’. वर्षभर तू मुक्कामाला का आली नाहीस, ते तेव्हा कळलं. मी जरा वेळ उठून खिडकीशी उभी राहिले.

नात्यातली फाइल हाताळायची नाही, हा आमचा नियम. मी ती शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दिली, पण गप्प बसले नाही. अठरा वर्षं हेच करतेय, अर्जात वस्तूचा कोड-नंबर चुकला की मला लांबूनही दिसतो. म्हटलं, “डॉक्टरांनी बंद पिशव्या लिहिल्यात, त्या भरल्या की फेकायच्याच. दवाखान्याने कोड मात्र खालून रिकाम्या करता येणाऱ्या पिशवीचा टाकलाय. ती दोन दिवस पुरते, ही कशी पुरेल? दवाखान्याला विचारा.”

त्यांनी फोन लावला. तिकडची कारकून म्हणाली, “अगंबाई, चुकलंच आमचं!” दुसऱ्या दिवशी योग्य कोड आला आणि साठच्या साठ मंजूर झाल्या.

परवा तुझा फोन आला. “शनिवारी येते गं. राहीन दोन दिवस.”

“ये की. बाथरूमला लागून असलेली खोली तुला ठेवते.”

तू म्हणालीस, “शहाणी आहेस.”

पिशव्यांचं मला सांगायचं की नाही, ते तू ठरव. तुझ्याआधी मी तोंड उघडणार नाही.

शनिवारची वाट पाहणारी,
तुझी भाची