वास्तुशांतीपायी झाकलेलं सुतक

द्वारकाआजी, बुधवार संध्याकाळ

थोरल्या जाऊबाई साताऱ्यात शनिवारीच गेल्या. मला आज सांगतात! रविवारी नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती ना. मी श्रीखंड मागून खाल्लं.

मुलगा म्हणतो, "आई, कळल्यावरच सुतक लागतं." शास्त्र बरं आठवलं.

नात फिजिक्स शिकते. म्हणाली, "आजी, जोडलेले दोन कण कितीही लांब गेले तरी एकाचं ठरलं की दुसऱ्याचंही त्याच क्षणी ठरतं. निरोप मात्र जात नाही. जागासुद्धा अशाच गाठींनी विणलेली असावी म्हणतात. गाठी सुटल्या तर जागाच उरणार नाही."

"मग विचार बापाला, फ्लॅट कशावर उभाय."

एका चुलीवर वीस वर्षं काढली आम्ही. म्हणजे शनिवारीच मी एकटी झाले, आणि रविवारी श्रीखंड मागत बसले.

सुतकाचे दहातले सहाच दिवस उरलेत. जाऊबाईंचे चार दिवस पोराने फ्लॅटला दिले.