बाबांना वास सांगताना

प्रिय दादा,

आज डेअरीत लवकर आले. टाकीतलं दूध कोमट होतंय, खिडकीच्या काचेवर वाफ धरलीय आणि बाहेरचा रस्ता पाण्याखाली असल्यासारखा हलतोय. अशा वेळी मला वाटत राहतं, की या खोलीत माझ्याशिवाय आणखी कुणीतरी आहे, डोळ्यांना न दिसणारं, आपल्याच कामात गुंग असलेलं. हसू नकोस, खरंच आहे तसं.

उन्हाळ्यात आपल्या दह्याच्या डब्यांची झाकणं फुगली आणि दुकानदाराने अख्खी खेप परत पाठवली, हे तुला फोनवर सांगितलं होतं. यीस्ट शिरलं होतं. डबा उघडला की सडक्या फळांचा, दारूकडे झुकणारा भपकारा यायचा. सांगितलं नाही ते हे, की तो डबा मी बाबांच्या हातात दिला, त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटून हुंगला आणि म्हणाले, "यात काय वाईट आहे? त्या दुकानदाराला खुसपट काढायची सवयच आहे." दादा, बाबांचं नाक गेलंय. हिवाळ्यातल्या त्या तापानंतर गेलं ते आलंच नाही. नुसत्या वासावरून दूध कुठल्या गोठ्यातलं ते सांगणारा माणूस रे.

मग मी जिवाणू आणले. दही लावणाऱ्या जिवाणूंचेच चुलत भाऊ, स्वभावाने गरीब. विरजणाबरोबर चिमूटभर सोडायचे. ते यीस्टशी भांडत बसत नाहीत. यीस्टला वाढायला जे लागतं तेच आधी फस्त करतात आणि जागा अडवून बसतात. टिकवण्याची कुठलीही पावडर घालावी लागत नाही. बाबांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हणजे आपल्या थोरल्यासारखे. बाकीचे हात धुऊन येईपर्यंत पातेलं साफ." झाकणं आता सपाट राहतात.

बाबा अजूनही रोज टाकीवर वाकून वास घेतात. मी मान हलवत शेजारी उभी राहायचे, त्यांना कळू नये म्हणून जपायचे. एके दिवशी त्यांनीच हळूच विचारलं, "आज कसा येतोय गं वास?" तेव्हापासून मी सांगते. गरम साय, ओलं लाकूड, उन्हात वाळलेली चादर, सुचेल ते. ते डोळे मिटून ऐकतात. रस्त्यात बेकरी आली की थांबतात आणि मी त्यांना ताजा पाव सांगते. लोक बघतात आमच्याकडे, बघू देत. इतकी वर्षं सोबत काम केलं, पण बाबांशी एवढं मी कधी बोलले नव्हते.

काल टाकी धुताना ते म्हणाले, "तुझ्या आईच्या केसांना कसा वास यायचा गं? मला आता आठवतच नाही." आई गेली तेव्हा मी रांगत होते. मला तिचा वास माहीत नाही, आणि काहीतरी रचून सांगायला जीभ रेटेना. तू शाळेत जायला लागला होतास, तिच्याच कुशीत झोपायचास, तुला आठवत असेल. फोनवर सांगू नकोस. ये, त्यांच्याजवळ बस आणि सावकाश सांग. मीही तिथेच असेन. मलाही ऐकायचंय.

तुझीच,
धाकटी